जुनं मॉडेल रॉकेट किट हातात आलं की आधी कागद बघा : १९५४ ते १९७० च्या अमेरिकी किट-कॅटलॉगांचा संग्रह

मॉडेल रॉकेट बनलं ते उडवण्यासाठीच. मुलांनी ते जोडलं, उडवलं, झाडावर अडकवलं, वाऱ्यावर घालवलं. त्यामुळे साठ वर्षांपूर्वीचं न जोडलेलं किट मिळणं कठीण. मिळालं तरी ते कुठल्या वर्षाचं, हे आतल्या बाल्सा या हलक्या, मऊ लाकडावरून कळत नाही. बाल्सा तेव्हाचा आणि आजचा सारखाच दिसतो. वर्ष सांगतो तो कागद: पिशवीच्या तोंडाशी स्टेपल केलेली पट्टी, घडी घातलेलं सूचनापत्रक, किमतींची यादी, ऑर्डर फॉर्म. या संग्रहात पडायचं असेल तर रॉकेटच्या आधी कागद ओळखायला, तपासायला आणि जपायला शिका. निम्म्याहून जास्त चुकीची खरेदी याच एका सवयीने टळते.

आधी चौकट पक्की करा

तारखा ठरवायच्या तर कोण कधी कुठे होतं हे तोंडपाठ हवं. १९५४ मध्ये नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल या बुटांच्या दुकानदाराने कागदी नळीचं, पॅराशूटने खाली येणारं, काळ्या दारूच्या, म्हणजे बंदुकीच्या दारूच्या इंजिनाचं छोटं रॉकेट बनवलं. त्याचा भाऊ रॉबर्ट मॉडेल विमानांचा शौकीन होता. या रॉकेटचं नाव रॉक-अ-शूट. त्याचं अमेरिकी पेटंट, क्रमांक २,८४१,०८४, १ जुलै १९५८ ला मिळालं.

व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र केंद्रात काम करणाऱ्या जी. हॅरी स्टाइनचा रॉकेटच्या धंद्यातल्या सुरक्षेवरचा लेख फेब्रुवारी १९५७ च्या ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकात आला. तो वाचून कार्लाइलने स्टाइनला पत्र लिहिलं आणि आपली रॉकेटं पाठवली. मासिकाचा तो अंक आज स्वतःच संग्रहाची वस्तू आहे. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला सोव्हिएत संघाचा पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक अवकाशात गेला आणि अमेरिकेतली मुलं तळघरात लोखंडी नळ्यांत स्फोटकं ठासू लागली. हात-डोळे गमावणाऱ्या त्या मुलांना तयार, कारखान्यात भरलेलं इंजिन देणं हीच या छंदाची खरी कामगिरी. ती विसरली तर हे कॅटलॉग नुसती खेळण्यांची जाहिरात वाटतात.

स्टाइनने डेन्व्हरमध्ये मॉडेल मिसाइल्स ही कंपनी काढली. रॉक-अ-शूट आणि एअरोबी-हाय ही तिची किटं. कंपनी थोडीच वर्षं चालली, म्हणून तिचा कुठलाही छापील कागद दुर्मीळ. इंजिनं पुरेशी मिळेनात तेव्हा फटाक्यांच्या धंद्यातल्या कुटुंबातल्या व्हर्नन एस्टिसने इंजिन भरणारं यंत्र बनवलं. दाबाखालच्या हवेवर आणि हायड्रॉलिक्सवर चालणारं हे यंत्र, नाव ‘मेबल’, जानेवारी १९५९ मध्ये सुरू झालं आणि साधारण साडेपाच सेकंदांना एक इंजिन देऊ लागलं. जास्तीची इंजिनं खपवायची म्हणून एस्टिस टपालाने विक्री करू लागला. ॲस्ट्रॉन स्काउट हे त्याचं पहिलं किट, किंमत ७० सेंट. १९६१ मध्ये कारखाना कोलोरॅडोतल्याच पेनरोझ गावी गेला. त्याच वर्षी ली पीस्टरने ॲरिझोनात फिनिक्सला सेंच्युरी काढली. १९६९ मध्ये एस्टिस कंपनी डेमन कॉर्पोरेशनने विकत घेतली, पुढे सेंच्युरीही डेमनकडेच गेली.

शौकिनांची राष्ट्रीय संघटना १९५७ च्या अखेरीस ‘मॉडेल मिसाइल असोसिएशन’ या नावाने निघाली आणि पुढच्याच वर्षी ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ झाली. म्हणजे जुनं नाव असलेलं ओळखपत्र किंवा पत्रशीर्ष दिसलं, तर ते जेमतेम काही महिन्यांच्या काळातलं. संघटनेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा जुलै १९५९ मध्ये डेन्व्हरला झाली.

वर्ष ठरवायचा क्रम

पहिलं, पत्ता. एस्टिसच्या कागदावर डेन्व्हर असेल तर तो पेनरोझच्या आधीचा. पेनरोझ असेल तर पिन कोडसारखा पाच आकडी झिप कोड शोधा: पेनरोझचा ८१२४०. अमेरिकेत झिप कोड १ जुलै १९६३ ला आला. त्यामुळे झिप असलेला कागद त्याआधीचा असूच शकत नाही. उलटं मात्र खरं धरू नका. झिप नाही म्हणून तो १९६३ च्या आधीचाच, असं होत नाही. छापून ठेवलेला जुना साठा कंपन्या संपेपर्यंत वापरत.

दुसरं, मालकाचं नाव. तळाशी बारीक अक्षरात डेमन दिसलं की १९६९ किंवा त्यानंतरचं. ‘साठच्या दशकाच्या सुरुवातीचं’ म्हणून विकलं जाणारं पुष्कळ सामान या एका ओळीवर आपटतं. विक्रेत्याने दिलेल्या फोटोत पट्टीची फक्त पुढची बाजू असेल तर मागच्या बाजूचा फोटो मागा.

तिसरं, इंजिनाचा संकेत. इथे भिंग घ्या, कारण सगळा फरक एका ठिपक्याचा आहे. सुरुवातीची इंजिनं ‘ए.८-३’ अशी लिहिली जात. अक्षर म्हणजे एकूण जोराचा गट, मधला आकडा म्हणजे सरासरी रेटा आणि शेवटचा म्हणजे इंधन संपल्यावर पॅराशूट फेकेपर्यंतचे सेकंद. तो रेटा पौंडात मोजलेला होता: ०.८ पौंड, म्हणजे साडेतीन न्यूटनच्या आसपास. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मोजमाप न्यूटनमध्ये गेलं आणि ठिपका गेला. आजचं ‘ए८-३’ हे वेगळं इंजिन आहे. सूचनापत्रकावरच्या शिफारशीत ठिपका असेल तर पत्रकाची छपाई त्या बदलाच्या आधीची. स्वस्त कागदावर ठिपका फिका पडतो, म्हणून एकाच ओळीवर विसंबू नका. शिफारशीतले तीन-चार संकेत बघा.

चौथं, कॅटलॉगचा क्रमांक. एस्टिसच्या साठच्या दशकातल्या कॅटलॉगांवर तीन आकडी क्रमांक असतो. ६५१ म्हणजे १९६५ चा, ६७१ म्हणजे १९६७ चा. किटांचे जुने क्रमांक ‘के’ अक्षराने सुरू होतात. ॲस्ट्रॉन स्काउट म्हणजे के-१.

पाचवं, बारकोड. दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला जून १९७४ मध्ये. पट्टीवर बारकोड असेल तर पुढची चर्चाच संपली.

या पाचांपैकी निदान तीन खुणा एकमेकींशी जुळल्याशिवाय वर्ष लिहू नका. जुळत नसतील तर ‘१९६३ ते १९६७’ असा पल्ला लिहा. नोंदवहीत पल्ला लिहिणं कमीपणाचं नाही, चुकीचं वर्ष लिहिणं आहे.

किट पुरं आहे का

पिशवी बंद असेल तर उघडू नका. प्रकाशासमोर धरून मोजा. साध्या, एकाच टप्प्याच्या रॉकेटच्या किटमध्ये असतं ते एवढं: कागदी नळी, बाल्साचा नोज कोन (रॉकेटचं पुढचं टोक), फिनांसाठी (मागच्या पंखांसाठी) बाल्साची पातळ फळी, नोज कोनात फिरवायचा छोटा आकडा, नोज कोन नळीला बांधून ठेवणारी रबरी शॉक कॉर्ड, प्लास्टिकचा पॅराशूट किंवा कागदी पट्टी, इंजिन अडवणारी कडी, लाँच लग, डिकल (रॉकेटवर चिकटवायचं छापील चित्र) आणि सूचनापत्रक. लाँच लग म्हणजे सळईवरून सरकण्यासाठी लावायची बारीक नळी. ती शीतपेयाच्या स्ट्रॉच्या तुकड्यासारखी दिसते आणि सगळ्यात जास्त तीच हरवलेली असते.

नवखे इथे एक चूक हमखास करतात. फळीवर फिन कापलेले नाहीत म्हणून किट अपुरं समजतात. सुरुवातीच्या किटांत फळी कोरीच येई. फिनाचा आकार सूचनापत्रकावर छापलेला असे आणि मुलाने तो कापून, फळीवर ठेवून, पेन्सिलीने काढून ब्लेडने कापायचा असे. साच्याने आधीच कापलेल्या फळ्या नंतर आल्या. म्हणून कोरी फळी हा दोष नाही. सूचनापत्रकातून आकार कापून नेलेला असणं मात्र मोठा दोष आहे.

उघड्या किटची नळी व्हर्नियर कॅलिपरने मोजा. एस्टिसच्या बीटी-२० नळीचा बाहेरचा व्यास १८.७ मिलिमीटर, बीटी-५० चा २४.८, बीटी-६० चा ४१.६. दोन दशांशांनी फरक आला तर ओलीने नळी फुगली असेल. अर्धा मिलिमीटर किंवा जास्त आला तर नळी बदललेली आहे.

कॅटलॉगमध्ये सगळ्यात आधी ऑर्डर फॉर्म बघा. मुलं तो कापूनच पाठवत, म्हणून तो नसणं हीच नेहमीची उणीव. मग टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरून पानं बघा. सरळ उजेडात न दिसणारे बॉलपेनचे वळ आडव्या उजेडात उठून दिसतात: कुणीतरी पातळ कागद ठेवून फिनाचा आकार गिरवलेला असतो, किंवा किमतींच्या बाजूला बेरीज केलेली असते. वळ असले तरी कॅटलॉग टाकाऊ होत नाही. १९६५ मधल्या एखाद्या मुलाने आठवड्याच्या पैशांत काय बसतं याचा घातलेला हिशेब आपल्याला कोऱ्या प्रतीपेक्षा मोलाचा वाटतो. फक्त विक्रेत्याने ‘नव्यासारखी’ म्हटलं असेल तर भाव त्याप्रमाणे कमी करायला सांगा.

नक्कल ओळखणं

जुन्या किटांच्या हुबेहूब प्रती शौकीन स्वतः बनवतात आणि त्यात वावगं काही नाही. गोंधळ होतो तो प्रत मूळ म्हणून विकली जाते तेव्हा. दहा पट भिंगाखाली रंगीत भाग बघा. ऑफसेट छपाईत ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. इंकजेटमध्ये ठिपके विस्कटलेले, शाई कागदाच्या धाग्यांत पसरलेली. लेझर प्रिंटमध्ये अक्षरांच्या कडांभोवती टोनरची भुकटी उडालेली आणि तिरप्या उजेडात अक्षरं किंचित चमकदार. काळी अक्षरंही बघायला विसरू नका, नक्कल बहुतेक वेळा तिथेच उघडी पडते.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली आजचा पांढरा कागद निळा झळाळतो, साठच्या दशकातला स्वस्त कागद बहुधा मंद राहतो. पण काही जुने चांगले कागदही झळाळतात. ही खूण दुसऱ्या खुणेच्या जोडीलाच वापरा. स्टेपलही बघा: पट्टी जुनी आणि स्टेपल लखलखीत असेल तर पिशवी पुन्हा बंद केलेली आहे.

इंजिन घेऊ नका

हे ठाम सांगतो. जुनं न वापरलेलं इंजिन म्हणजे कागदी नळीत दाबलेली काळी दारू. भारतात ती १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली आणि २००८ च्या स्फोटक नियमांखाली येते. परवाने देणाऱ्या ‘पेसो’ या यंत्रणेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. टपालाने किंवा विमानातून इंजिन मागवणं हा गुन्हा आणि वर धोका.

कायदा बाजूला ठेवला तरी ते उडवण्याजोगं राहिलेलं नसतं. उन्हाळ्या-हिवाळ्यात ताप-थंडी लागून दाबलेल्या दारूला भेगा जातात आणि ती नळीच्या कडेपासून सुटते. पेटवल्यावर आग भेगांत शिरते, एकदम मोठा पृष्ठभाग जळतो, दाब वाढतो आणि इंजिन फुटतं.

वापरून झालेली रिकामी टरफलं ठेवायला हरकत नाही. ओळख सोपी आहे: टरफल उजेडाकडे धरलं की आरपार दिसतं. न वापरलेल्याला एका टोकाला मातीचं बारीक भोकाचं नोझल आणि आत भरीव काळसर थर दिसतो. दुसऱ्या टोकालाही मातीचं झाकण असतं. खात्री करायला काडी, खिळा, ड्रिल काहीही घालू नका. किटबरोबर चुकून भरलेलं इंजिन आलंच, तर उष्णतेपासून आणि स्विचबोर्डापासून लांब ठेवा आणि पोलीस किंवा अग्निशमन दलाला कळवा. मांडणीत जागा भरायची असेल तर १८ मिलिमीटर व्यासाचा, ७० मिलिमीटर लांबीचा लाकडी दांडा सुताराकडून करून घ्या.

मागवताना

विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा: इंजिन आहे का, पेटवण्याच्या तारा आहेत का, घरात बुरशीचा वास येतो का. पहिल्या दोन वस्तू काढून टाकायला सांगा. पार्सलवरचं वर्णन खरं आणि नेमकं हवं. नुसतं ‘रॉकेट’ लिहिलं की पार्सल अडकतं. ‘छापील कॅटलॉग, १९६५’ किंवा ‘कागद आणि बाल्सा लाकडाचं मॉडेल किट, इंजिनाशिवाय’ असं लिहायला सांगा. शंभर वर्षांच्या आतली वस्तू पुराणवस्तू म्हणून शुल्कमुक्त होईल या आशेवर राहू नका.

कॅटलॉग दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये, पुठ्ठ्यांचे तंतू एकमेकांना आडवे ठेवून बांधायला सांगा, म्हणजे कोपरा वाकत नाही. कागदाला चिकटपट्टी लागता कामा नये. जून ते सप्टेंबर शक्य तो काही मागवू नका. मुंबईच्या गोदामात आठवडाभर पडलेलं पार्सल पावसाळ्यात आतपर्यंत सर्द होतं.

घरी आल्यावर

पार्सल थेट संग्रहाच्या कपाटात नको. दोन आठवडे वेगळ्या खोलीत, झिपच्या पिशवीत ठेवा. तळाशी भुसा, बारीक काळी विष्ठा किंवा चंदेरी कसर दिसली तर कागद आणि बाल्सा दोन पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर कागदावर दव धरतं. प्लास्टिकचे भाग आणि डिकल आधी बाजूला काढा, ते गारठ्यात तडकतात.

स्टेपल गंजले असतील तर ते कोकणातल्या हवेत दोन पावसाळ्यांत कागद खातात. पान मध्यावर उघडा, स्टेपलच्या पायांखाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवा आणि बोथट चपट्या सुरीने एकेक पाय उभा करा. मग मागून ओढून घ्या. घाई केली की भोक फाटतं. जुन्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून सैल गाठ मारा. बंद पिशवीची पट्टी मात्र सोडवू नका, तिचा स्टेपल तिच्या अस्सलपणाचा भाग आहे.

दोन गोष्टी आपल्याकडे सर्रास होतात आणि दोन्ही संग्रहाचा घात करतात. झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेशन करणं ही पहिली. ते परत निघत नाही. दुसरी म्हणजे कपाटात डांबराच्या गोळ्या टाकणं. नॅफ्थलिनच्या वाफेने पॉलिस्टायरीनचे नोज कोन आणि फिन मऊ, चिकट होतात आणि ठसे उमटतात. कापूरही नको.

कागदासाठी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे पारदर्शक कव्हर घ्या. नव्या रेनकोटसारखा वास येणारं मऊ कव्हर पीव्हीसीचं असतं. ते काही वर्षांत शाई उचलतं. मागे आम्लमुक्त पुठ्ठा. हे सगळं हवाबंद प्लास्टिकच्या पेटीत, आत स्वस्तातलं आर्द्रतामापक. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा. २० लिटरच्या पेटीला साधारण १०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल पुरतं. निळं टाळा, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. रंग बदलला की ११०-१२० अंशांवर दोन तास भाजून पुन्हा वापरा. मापक ३५ च्या खाली गेलं तर थोडं जेल काढा, कारण अति सुक्या हवेत डिकलचा थर तडकतो आणि घडी मोडते. पावसाळ्यात पेटी उघडायची तर कोरड्या दुपारी, आणि पेटीखाली वीट किंवा स्टँड हवा. वाळवी फरशीवरूनच चढते.

रबरी शॉक कॉर्ड वितळून शेजारच्या कागदावर तपकिरी डाग पाडते. ती जुन्या घडीतच, पण वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा. टाकू नका. पॅराशूटच्या घडीत आम्लमुक्त पातळ कागद घाला, म्हणजे थर एकमेकांना चिकटत नाहीत.

पिवळी पडलेली डिकल उजळवायचा जुना उपाय आहे: पिशवीत घालून, चित्र बाहेर करून, उन्हाच्या खिडकीच्या काचेला काही दिवस चिकटवायची. उपाय चालतो, पण लाल रंगही फिका पडतो. जोडण्यासाठी वापरायच्या डिकलपुरताच तो ठेवा. दुर्मीळ डिकल पिवळी राहिलेली बरी.

स्कॅन आणि प्रत

मूळ किट कधी जोडू नका. जोडायची हौस स्कॅनवरून बनवलेल्या प्रतीवर भागवा. कॅटलॉग ३०० डीपीआयला, सूचनापत्रक आणि डिकल ६०० डीपीआयला स्कॅन करा. काचेवर कागदाशेजारी धातूची मिलिमीटर पट्टी ठेवा आणि ती स्कॅनमध्ये येऊ द्या. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करा, नाहीतर चार-पाच टक्क्यांची घट होते आणि फिन लहान होतात. फिन लहान झाले की दाबकेंद्र, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू, पुढे सरकतं आणि रॉकेट हवेत गटांगळ्या खातं. छापलेल्या पट्टीवरचे १०० मिलिमीटर खऱ्या पट्टीशी ताडून बघा, मगच बाल्सा कापा. फिन कापताना लाकडाचे तंतू पुढच्या कडेला समांतर ठेवा. आडवे गेले तर जमिनीवर आपटल्यावर फिन मुळाशीच मोडतो.

प्रत पुरी झाली की नळीच्या आत, नोज कोन काढल्यावर दिसेल अशा जागी, पेन्सिलीने ‘प्रत’ आणि बनवल्याचं वर्ष लिहा. शाई वापरू नका, ती कागदी नळीतून बाहेर उमटते.